सहाशे नंबरची पूड

खालच्या मजल्यावरचे धोपेश्वरकर
तिसऱ्या रात्री वर आले, बनियनवरच.
म्हणाले, बाई, तुम्ही रात्रभर काय दळता?
दगड, म्हणाले मी.
ते उंबऱ्याशी जरा थांबले,
मग म्हणाले, बरं. बारीक की भरड?

भरड. पहिला आठवडा भरडच असतं.
यंत्र म्हणजे तरी काय,
जुन्या कूलरची मोटर, दोन रूळ, एक पट्टा,
आणि भोसरीच्या पाटोळ्यांनी आतून ट्यूब चिकटवून दिलेलं
आडवं पिंप.
त्यात दगड, पाणी, ऐंशी नंबरची काळी पूड.
झाकण घट्ट.
सात दिवस, सात रात्री, घरर्र घरर्र.
टेलिफोन एक्स्चेंजात अठ्ठावीस वर्षं काढली मी,
मला शांततेतच जाग येते.

दगड पुण्यात कमी नाहीत.
पुणं म्हणजे दगडच, वर थोडी माती आणि बरीच मतं.
पण काळा पत्थर सगळाच चकाकत नाही,
भोकंभोकंवाला तर पिंपात स्वतःचेच दात पाडतो.
मला हवी त्याच्या पोटातली गारगोटी:
लाव्हा थिजताना आत अडकलेला बुडबुडा,
आणि त्या पोकळीत थेंबाथेंबानं
भरत गेलेलं कुठलंसं पाणी,
जेव्हा घाई करायला कुणी नव्हतंच इथे.
मांजरीला नव्या विहिरीचा ढिगारा,
बावधनला पाया खणतात तिथे
पत्र्याच्या फटीतून.

पत्र्याच्या आत हणमंता, यादगीरचा, पोकलेन चालवतो.
पहिल्या दिवशी म्हणाला, काय हरवलं का बाई?
मी दगड उचलला, जीभ लावली.
ओला झाला की कळतं
घासून शेवटी कसा दिसेल.
तो हसला नाही. त्यानंही एक उचलला, चाटला,
आणि तोंड वाकडं करून म्हणाला, हिरवा.
तेव्हापासून जेवणाच्या सुट्टीत
डब्याच्या झाकणात निवडक काढून ठेवतो.

एका शनिवारी गमछ्यात गुंडाळून आणलं
पांढऱ्या सुयांचं झुडूप.
सुई न् सुई उभी, केसाएवढी,
एकही मोडलेली नाही.
बकेटच्या दातांखालून कसं वाचवलं त्यालाच ठाऊक.
मी घरी आले आणि
ते पिंपात टाकलं.

आता विचारू नका का.
माझ्याकडे पिंप होतं.

आठव्या दिवशी झाकण काढलं.
बाकीचे सगळे होते, कोपरे झिजलेले.
त्याच्या जागी दूध.
मोरीत ओतून चालत नाही, तळाशी सिमेंट होतं.
सदाफुलीच्या कुंडीत ओतलं.
सोमवारी हणमंतानं विचारलं, चमकलं का?
मी म्हणाले, चालू आहे अजून.

ऐंशीनंतर दोनशेवीस, मग सहाशे.
प्रत्येक वेळी सगळं धुवायचं,
पिंप, झाकण, नखं, दगडांच्या भेगा टूथब्रशने.
ऐंशीचा एक कण सहाशेत गेला
की महिना फुकट, सगळ्यांवर ओरखडे.
मी धुते. परत धुते.
धोपेश्वरकर जिन्यात भेटले की विचारतात,
कितीवर आलं?
सहाशेवर.
मग पिठासारखं झालं असेल, म्हणतात,
आणि खरंच समाधानानं खाली जातात.

शेवटी पांढरी पॉलिश, अजून एक आठवडा.
हिरवा निघाला.
मी तो हणमंताला नेऊन दिला.
त्यानं उन्हात धरला, फिरवला,
सवयीनं जीभ लावून पाहिला.
काहीच बदललं नाही.
परत लावली. तसाच.
मग काचेपाशी, वाळक्या लिंबाशेजारी ठेवला
आणि म्हणाला, अन् ती सुयांची?

मी खरं सांगितलं.
त्यानं यंत्र सुरू केलं, बकेट खाली नेली.

मंगळवारी डब्याचं झाकण भरलेलं होतं,
नेहमीपेक्षा जास्तच.
सगळ्या जाड गारगोट्या,
कितीही घासल्या तरी टिकतील अशा.